पोट साफ नाही, पुढची तारीख

कोलोनोस्कोपी म्हटली की माणसं नळीला घाबरतात. मीही घाबरले होते. पण नळी आत जाते तेव्हा आपण झोपेच्या इंजेक्शनखाली असतो आणि ते काम डॉक्टरांचं असतं. आपल्या वाट्याला येते ती आदली रात्र. त्या रात्रीसाठी हॉस्पिटलने हातात दिलेल्या कागदावर एक ओळ होती : 'औषध घेतल्यावर संडासाजवळच थांबावे.' कुणाच्या संडासाजवळ, तो घरापासून किती लांब, किती बिऱ्हाडांत मिळून एक, हे तारीख देताना मला कुणी विचारलं नाही. माझ्यानंतर नंबर असलेल्या पोलादपूरकडच्या आबांनाही विचारलं नव्हतं. त्यांचं जे झालं ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते.

आधी माझं सांगते. दादाला चोपन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता तो बरा आहे. त्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की सख्ख्या भावंडांनी चाळिशीला, किंवा रुग्णाला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे अगोदर येईल तेव्हा तपासून घ्यायचं. धाकटा भाऊ आणि मी दोघंही त्यात बसत होतो. सासरी, माहेरी सगळीकडून एकच ऐकलं, 'काही होत नसताना कशाला उकरून काढतेस?' अहो, काही होत नसतानाच करायची तपासणी आहे ही. या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा मांसल गाठीतून, पॉलिपमधून होते. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात तो दुखत नाही, खुपत नाही. दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून असा पॉलिप काढण्याचं काम 1969 साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानी सर्जनने केलं. तोवर त्यासाठी पोट उघडावं लागे. असे पॉलिप काढून टाकले की कॅन्सरचं प्रमाण पुष्कळ घटतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने 1993 मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेत आता पंचेचाळिशीपासून सगळ्यांनाच ही तपासणी सुचवतात. आपल्या सरकारी मोहिमेत तिशीपासून तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पाहतात, आतड्याचा पाहत नाहीत. आपल्याकडे तो तिकडच्यापेक्षा कमी होतो हे खरं आहे. पण आमच्या घरात झाला.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. खोलीत मोरी आहे, संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्यांचे सामायिक. खाण्याचं पथ्य मला जड गेलं नाही. तीन दिवस पालेभाजी, भाकरी, कोशिंबीर, शेंगदाण्याचं कूट, तीळ, पेरू, टोमॅटो, बियांचं आणि सालांचं सगळं बंद. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही, पांढरा पाव, सोलून उकडलेला बटाटा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीच थांबवल्या होत्या, कारण त्यांनी आतडं काळं दिसतं. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं नितळ : शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत चालत नाही. त्याचा लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो.

जड गेलं ते चाळीत सांगणं. सांगितल्याशिवाय इलाज नव्हता. शेजारच्या काकूंना दुपारी गाठलं आणि म्हटलं, काकू, आज रात्री मला सारखं जावं लागणार आहे. काकूंनी एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून त्यांनी सगळ्या पोरांना दम भरला की कडेचा संडास उद्या सकाळपर्यंत कुणी वापरायचा नाही. त्यांच्या सुनेने तो फिनाईल टाकून धुतला आणि एक भरलेलं पिंप दाराशी आणून ठेवलं, कारण आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं. एवढी कृतज्ञता मला आजवर कुणाविषयी वाटली नसेल.

औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, दोन लिटर पाण्यात विरघळवायची. निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे. ती शरीरात शोषली जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि सगळं धुऊन नेते. शरीरातले क्षार ढळू नयेत म्हणून तिच्यात मीठही असतं. चव खारट आणि बुळबुळीत, मिठाच्या पाण्यात तेल ढवळल्यासारखी. पहिला ग्लास सरळ जातो, चौथ्याला घसा बंद होतो. ज्यांना करायचंय त्यांनी माझं ऐका : पाणी फ्रीजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या, मध्ये लिंबाची फोड चोखा. पहिल्यापासूनच खोबरेल तेल लावत राहा, कातडी सोलवटल्यावर लावून उपयोग नाही. शाल जवळ ठेवा, थंडी वाजते. ज्यांना मधुमेह आहे किंवा जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय हे पिऊच नये. पहाटे चारला दुसरा हप्ता घेऊन मी गॅलरीत उभी होते तेव्हा आमच्या मजल्यावरच्या मासेवाल्या मावशी भाऊच्या धक्क्याला निघाल्या होत्या. टोपली खाली ठेवून त्या माझ्याजवळ थांबल्या, पाठीवरून हात फिरवला आणि मग गेल्या.

साडेआठला हॉस्पिटलमध्ये पोचलो. ते आबा माझ्या शेजारच्या बाकावर होते. धोतर, टोपी, अंगावर सुनेची शाल. सून पंचविशीतली, मांडीवर कागदांची पिशवी. आबांना संडासावाटे रक्त जात होतं. गावाकडे महिनोन् महिने मूळव्याध म्हणून औषध चाललं, शेवटी कुणीतरी इकडे पाठवलं. म्हणजे माझ्यासारखी काही होत नसताना आलेली मंडळी ही नव्हती, यांना तर तपासणीची खरी निकड होती.

आत घेण्याआधी सिस्टर बाकासमोर येऊन प्रत्येकाला विचारत होत्या. शेवटचं कसं झालं, रंग कसा होता. माझा नंबर आल्यावर मी हळू आवाजात सांगितलं, पिवळसर पाणी. त्यांनी टिक केली. मग आबांना विचारलं. आबा सुनेकडे बघायला लागले. सुनेसमोर, भरल्या व्हरांड्यात, सत्तरीच्या माणसाने हे सांगायचं! सिस्टरनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा सुनेनेच खाली बघत सांगितलं की अजून घट्ट आहे.

'औषध पूर्ण घेतलं का?'

'नाय घेतलं,' आबा म्हणाले. 'गाडीत कसा पिनार, ताई? गाडी थांबत नाय.'

ती दोघं रात्रीच्या एसटीने आली होती. सकाळी साडेआठची वेळ दिलेली, आणि मुंबईत उतरायला कुणी नाही. संध्याकाळी वाडीवर दोन ग्लास पिऊन आबा थांबले, कारण पुढे गाडी पकडायची होती. रात्रभर मुंबई-गोवा रस्त्याने त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. पहाटे परळच्या स्टँडवर उतरून बाटलीतलं उरलेलं प्यायला सुरुवात केली. तिथल्या पैसे देऊन वापरायच्या संडासापुढे रांग. सून बाहेर पिशव्या धरून उभी. मग जेवढं झेपलं तेवढं पिऊन दोघं इकडे आली.

हे सगळं सुनेने सिस्टरना सांगितलं, अगदी नीट सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, 'कागदावर सगळं लिहून दिलंय ना? पोट साफ नाही, पुढची तारीख घ्या.' पुढची तारीख महिन्यानंतरची होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सिस्टर, त्यांना आता इथेच उरलेलं औषध द्या आणि दुपारी शेवटी घ्या. हे मी मनाचं सांगत नव्हते. दादाच्या वेळेला एका डॉक्टरांनी असंच केलं होतं, जादा लिटर पाजून त्याच दिवशी तपासणी केली होती. सिस्टर म्हणाल्या, भूल देणारे डॉक्टर दोनला जातात आणि या मजल्यावर पेशंटसाठी दोन संडास आहेत, तिथे किती जणांना पाजू? त्यात खोटं काही नव्हतं. पण ते कारण आबांना कुणी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं ते एवढंच की चूक तुमची आहे. आणि ते म्हातारे गृहस्थ चक्क हात जोडून 'चुकलं' म्हणाले. माझ्या मते त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. रक्त जात असलेल्या माणसाला इतक्या लांबून सकाळची वेळ द्यायची, आदल्या रात्री दाखल करून घ्यायचं नाही, आणि मग पोट साफ नाही म्हणायचं!

माझी तपासणी थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. मागून उघडा गाऊन, हाताला सलाईनची सुई, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजायचं. खोली फार गार होती. इंजेक्शन दिल्यावर मला छताचा दिवा आठवतो आणि त्यानंतर एकदम मिस्टरांचा चेहरा. पोटात वारा धरला होता, तो तासाभरात सरला.

डॉक्टरांनी पडद्यावरचे फोटो दाखवले. उजव्या बाजूच्या आतड्यात, एका घडीच्या मागे, सहा मिलिमीटरचा पॉलिप होता. काढला होता. नंतरच्या रिपोर्टमध्ये तो ॲडिनोमा निघाला, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा प्रकार. आत कॅन्सर नव्हता. पाच वर्षांनी पुन्हा बोलावलंय. डॉक्टर म्हणाले, 'तुमचं आतडं इतकं स्वच्छ होतं म्हणून हा दिसला. थोडा जरी मळ असता तरी नजरेतून सुटला असता, आणि तुम्ही सगळं नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहिला असतात.'

ते ऐकलं आणि माझ्या रागाचा निम्मा आधारच गेला. म्हणजे आबांना तशाच अवस्थेत आत घेतलं असतं तर ते वाईटच झालं असतं. मळ असलेल्या आतड्याचा 'काही नाही' असा रिपोर्ट घेऊन ते पोलादपूरला परतले असते. परत पाठवलं हे बरोबरच. तरी राग जात नाही. त्या सिस्टर एकट्या सगळा व्हरांडा सांभाळत होत्या, त्यांना बोल लावावासा आता मला वाटत नाही. मग लावू कुणाला? नळी आणि पडदा यांवर खर्च झालाय, आणि तपासणी सगळी अवलंबून आहे ती संडासावर. त्यावर मात्र कुणी खर्च करत नाही. लांबून येणाऱ्यांसाठी चार खाटांची एक खोली, तिला लागून चार संडास आणि रात्रपाळीला एक आया, एवढंच लागतं. माझ्याकडे काकू होत्या. नसत्या तर मलाही पुढची तारीख मिळाली असती.

तसा अर्ज मी लिहून दिलाय. पोच मिळाली. आबांच्या सुनेला मी त्या दिवशी फोन नंबर दिला होता आणि म्हटलं होतं की आदल्या दिवशी आमच्याकडे उतरा. काकूंनीही हो म्हटलं आहे. अजून तिचा फोन आलेला नाही.

धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो. त्याच्या फ्लॅटला दोन संडास आहेत आणि तो म्हणतो, बघू दिवाळीनंतर. त्याच्याशी आमचं भांडण चालू आहे. मागच्या रविवारी मी पावडरीचं पाकीट घेऊनच गेले, वहिनीच्या हातात दिलं आणि तिला पथ्याची यादी लिहून दिली. तारीख घ्यायची जबाबदारी वहिनीने घेतली आहे.