मॅच संपल्यावर मुक्काम कुठे?

प्रवासाची तयारी घरोघरी बाईच करते, फक्त प्रवास बहुधा दुसऱ्याचा असतो. सासऱ्यांची वारी, ह्यांची मित्रांबरोबरची सहल, दिराच्या लग्नाचं वऱ्हाड. दशम्या किती, अंथरुणं किती, एस.टी. कितीची, सारं आपल्याला तोंडपाठ असतं. पण बेत आपला स्वतःचा असला की घरात केवढे प्रश्न उभे राहतात, हे मला २०२२ च्या दिवाळीत कळलं.

निमित्त झालं फुटबॉलचं. त्या वर्षी ११ ते ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात होती. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईला. अंतिम सामना रविवारी, ३० तारखेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आमची लेक तेव्हा आठवीत. शाळेत मुलांच्यात फुटबॉल खेळायची, आणि "मोठी झालीस, आता पुरे" हे वाक्य घरात अधूनमधून ऐकू येऊ लागलं होतं. ते वाक्य कायमचं होण्याआधी तिला तिच्या वयाच्या मुली जगाच्या स्पर्धेत खेळताना दाखवाव्यात, असं माझ्या मनानं घेतलं.

बेत ठरतो न ठरतो तोच ऑगस्टमध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. स्पर्धा हातची जाते की काय, अशी वेळ आली. २६ ऑगस्टला निलंबन उठलं, तेव्हा कुठे मी कालनिर्णयवर ३० ऑक्टोबरच्या चौकोनात पेन्सिलीनं एक चेंडू काढला.

सासूबाईंनी तो पाहिला. "टीव्हीवर दिसतंय की! तिथला चेंडू काय निराळा असतो?" हे म्हणाले, "मॅच रात्री आठला सुरू, दहाच्या सुमाराला संपणार. मग तुम्ही दोघी जाणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. अशा प्रश्नावर रुसून काही साधत नाही. पण आपण गप्प बसलो, की त्या प्रश्नाचाच नकार होतो. मी वही घेऊन बसले.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, नगर-कल्याण रस्त्यावर. तेव्हा आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड करत एस.टी.नं कल्याण. तिथून लोकलनं ठाणं, आणि ठाण्याला पनवेलची गाडी धरली की नेरूळ. पण रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर? म्हणून शनिवारीच निघायचं. मुक्काम कुठे? आमच्या तालुक्यात ज्याचं कुणीच मुंबईला नाही असं घर विरळा. माझी चुलत नणंद कोपरखैरण्याला राहते, तिचे यजमान वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. कोपरखैरण्याहून नेरूळ तिसरं स्टेशन. फोन केला तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी पण येते. हे आयपीएल बघून आले, मी इतकी वर्षं त्या स्टेडियमच्या भिंतीच बघतेय." झालं, दोघींच्या तिघी झालो. सोबतीचा प्रश्नही मिटला.

खर्चाचं म्हणाल, तर मी विद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, त्या मानधनातून दरमहा थोडे बाजूला टाकले. बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. त्या वेळी पूर्ण भाडंच होतं. दोन गाईंची धार आणि डेअरीचं दूध ह्यांच्याकडे, स्वयंपाक जाऊबाईंकडे, असं ठरवून टाकलं.

एवढ्यात निराळीच अडचण आली. आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० अशा हरल्या. एकही गोल नाही. "आता कशाला जायचं?" असं ज्यानं त्यानं विचारलं. लेक म्हणाली, "आपण हरलो म्हणून फायनल रद्द झाली का?" मला आठवत होती ती आपली कर्णधार, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली अष्टम ओरांव. आईवडील मोलमजुरी करणारे. अशा घरातली पोर विश्वचषकाच्या मैदानात उतरली, ती काय आठ गोल खाल्ले म्हणून परत घरी बसवायची?

आम्ही गेलो. आधी साडेचारला तिसऱ्या जागेचा सामना होता. त्यात नायजेरियानं जर्मनीला पेनल्टीवर हरवलं. फायनलला ८२ व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग कोलंबियाच्याच एका मुलीच्या पायाला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला आणि स्पेन १-० नं जिंकलं. लेकीला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते त्यापुढचं. ती मुलगी परत आपल्या जागेवर गेली आणि शिट्टी होईपर्यंत खेळली.

मैत्रिणींनो, असा बेत कराल तर दोन गोष्टी सांगते. मैदानात बाहेरचं खाणं आणि पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा मुक्कामावरच खाऊन निघा. आणि सामना संपण्याआधीच, बाहेर पडल्यावर एकमेकींची चुकामूक झाली तर कुठल्या खांबापाशी उभं राहायचं, ते ठरवून ठेवा. गर्दीत फोनचा भरवसा नसतो.

लेकीचा खेळ सुटला नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या मुलींची टीम जिल्ह्याच्या सामन्यांना नगरला निघाली. ह्यांनी पुन्हा तेच विचारलं, "मुक्काम कुठे आहे?" पण या खेपेला विचारता विचारता वही स्वतःकडे ओढली आणि पेन्सिल मागितली.