रांगेत अडकलेला राग

शुक्रवारी रात्री साडेदहाला संपादक मॅडमचा एसएमएस आला, 'लेख कुठेय? सकाळी पान लागतंय.' आयला, मी तर कालच पाठवला होता! डोकं फिरलं. कालचाच मेल उघडून त्याच पत्त्यावर खरमरीत उत्तर धाडलं, 'जरा इनबॉक्स बघा. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी शोधा.' सेंड!

ज्या कॉलमवर माझं घरभाडं निघतं, त्यालाच लाथ मारली होती.

मग आठवलं. संध्याकाळी 'मेल २४ तास रखडलाय' अशी सूचना आली होती. स्पॅम समजून उडवली होती.

आम्हा तिघा फ्रीलान्सर्सचे मेल भाड्याच्या सर्व्हरवरून जातात. तिथला पोस्टमन म्हणजे एक्झिम, १९९५मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी लिहिलेला प्रोग्राम. आमच्याकडे त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या स्क्रीनवर टाइप करायचं, बस्स. हे सगळं बसवणारा मित्र आता बंगळुरूला. त्याला फोन लावला.

"अगं, रडतेस काय? 'एक्झिम' लिही, स्पेस दे, हायफन बीपी."

रांग समोर आली. दोन मेल : एक २९ तासांचा, एक दहा मिनिटांचा. दोन्ही माझेच!

"आता हायफन, कॅपिटल एम, स्मॉल व्हीएल आणि मेलचा नंबर." त्या मेलची लॉग उघडली. समोरचा सर्व्हर उत्तरच देत नव्हता. देणार कसा? 'डॉट कॉम'ऐवजी मी 'डॉट इन' लिहिलं होतं. मॅडम बिचाऱ्या निर्दोष.

हायफन बीटी लावून बरोबर पत्ता तपासला. यात मेल जात नाही, फक्त कुठल्या वाटेने जाईल ते कळतं. मग हायफन, कॅपिटल एम, स्मॉल आरएम. "नंबर नीट बघ," मित्र ओरडला, "उडवलेला मेल परत मिळत नाही." मला तेच हवं होतं! आधी राग उडवला, मग चुकीच्या पत्त्यावरचा लेख. कुणाला कळलंही नाही.

लेख नव्याने पाठवला, वर एकच ओळ : 'सॉरी, पत्ता चुकला होता.' पाच मिनिटांत उत्तर, 'मिळाला. झोप आता.'

तेव्हापासून नियम केलाय. आधी बीपी, मग बीपी वाढवायचं!