येते, पण सांगत नाही

मी कला शाखेचा विद्यार्थी, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. संगणकाच्या पोटातल्या गोष्टींवर मी लिहावे हा आगाऊपणाच म्हणायचा. पण मे महिन्यात आमच्या आक्षीच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मावसभावाने मुंबईच्या भंगारातून एक लॅपटॉप आणला होता. आत पेंटियम एम, २००३ च्या सुमाराचा प्रोसेसर. त्यावर लिनक्स घालायला बसलो, तर काळ्या पडद्यावर ओळ उमटली: या कर्नेलला लागणारी 'पीएई' ही सोय तुमच्या प्रोसेसरात नाही. यंत्र तिथेच थांबले.

कर्नेल हा संगणकाचा तांडेल. बाकी खलाशी त्याच्या हुकमाने चालतात. सुरू होतानाच तो प्रोसेसरला 'सीपीयूआयडी' या आज्ञेने विचारतो, तुला काय काय येते? पीएई म्हणजे चार जीबीच्या पलीकडची स्मृती हाताळण्याची विद्या. ती येत नसेल तर घरी जा. जुन्यांना असे घरी पाठवणे या धंद्यात नवे नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले ते ३८६ प्रोसेसरवर, आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच ३८६ ला कर्नेलमधून निरोप मिळाला. स्मृतीतला आकडा अपेक्षेप्रमाणे असेल तरच एका दमात बदलणारी आज्ञा ४८६ पासून आली. ३८६ ला ती येत नसल्याने जागोजाग ठिगळे लावावी लागत. ठिगळे लावणारे कंटाळले, यात त्यांचे तरी काय चुकले?

माझ्या यंत्राची गोष्ट मात्र वेगळी निघाली. पडद्यावर आणखी एक ओळ होती, 'फोर्सपीएई' वापरा, पण स्वतःच्या जोखमीवर. रात्रभर वाचले तेव्हा उलगडा झाला. पेंटियम एमच्या काही प्रोसेसरांना पीएई येते. विचारल्यावर ते सांगत नाहीत, इतकेच! म्हणून २०१४ साली कर्नेलच्या ३.१५ आवृत्तीत ही सोय घातली गेली. तो शब्द टाइप केला की कर्नेल त्या प्रोसेसराच्या नावापुढे स्वतःच 'येते' अशी खूण करतो. खूण करतो आणि आपल्या नोंदीत स्वतःला डागाळलेला म्हणून लिहूनही ठेवतो. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

पहाटे शब्द टाइप केला. यंत्र चालू झाले.

त्याच आठवड्यात मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात माझ्याच हाताने लिहिले होते, निरंक. बाबांनी खाली अंगठा उमटवला. काय लिहिले आहे, हे त्यांनी विचारले नाही, मीही वाचून दाखवले नाही. पुढचा रकाना भरायची मला घाई होती.

बाबा उठून पडवीत आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "झाला का चालू?"

"झाला. बाबा, आज भरती कधी?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. "षष्ठी ना आज? सा त्रिक अठरा, त्याला चारांनी भाग. साडेचार." मग जाळे खांद्यावर टाकून विचारले, "कशाला रे?"

मी म्हटले, "लिहून ठेवतो."