शेवटचा पेला

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आमचे धावणे सुटले. बीबीच्या आसपास लांब पल्ल्याची शर्यत निघाली, की रस्त्याच्या कडेस उभे राहून आम्ही पाणी मात्र वाटतो. पेला सैल धरावा लागतो. आवळून धरल्यास निम्मे पाणी धावणाऱ्याच्या अंगावर! १९२० साली अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटर धावून १९ वे आले. पहिल्यास पाणी द्यावयास दहा हात पुढे होतात. १९ व्यास कोणी दिले असेल, हा प्रश्न आम्हांस उगाच छळतो. असे असूनही परवा ऊन चढताच आम्ही पिंप लवकर उपडे केले. मागाहून एक वृद्ध गृहस्थ आले, रिकाम्या मेजाकडे पाहून अवाक्षर न बोलता पुढे गेले. कोठूनसा तांब्या भरून आम्ही त्यांच्यामागे धावलो. वळणापर्यंत गाठ पडली नाही.