नखाएवढी गोष्ट

चिरंजीव लंगडत शाळेला निघाले, तेव्हा मी ते चाचणी परीक्षेच्या खाती मांडलं. सौभाग्यवतींनी मोजा काढला. अंगठा लालबुंद, नख कडेनं मांसात रुतलेलं!

"नखं कोण कापतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच!" मी अभिमानानं म्हणालो. "कोपरे गोल, अगदी मुळापर्यंत."

"तिथंच चुकतं. नख सरळ कापा, कोपरे राहू द्या. रोज १५-२० मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवा. पू दिसला तर घरी कोरत बसू नका, इकडे आणा. आणि बूट?"

"गेल्या वर्षीचेच."

"पाय मात्र या वर्षीचा आहे!"

परतताना विचारलं, "बोलला का नाहीस रे?"

"तुम्हीच म्हणालात ना, बूट अजून वर्षभर चालतील?"

त्या दिवशी बुटांच्या दुकानात मी घासाघीस केली नाही.