अंतर किती, वेळ किती?

अंतर कोसांनीं मोजावें कीं तासांनीं, हा प्रश्न एके काळीं शाळेंतल्या भूगोलापुरता होता. मुलें परदेशीं जाऊं लागल्यापासून तो घरोघरचा झाला आहे. मुंबईहून विलायतेस जावयास आगबोटीला दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघून, कैरो व जिनीव्हा येथें थांबत, लंडनला गेलें आणि तो काळ दोन दिवसांवर आला. आतां तेंच अंतर नऊ-दहा तासांत कापलें जातें.

आमच्या इचलकरंजीच्या घराला मात्र लंडनपेक्षां सॅनफ्रान्सिस्को अधिक जवळचें, कारण माझे थोरले दीर तेथें असतात. बंगळूरपासून तें सुमारें १४,००० किलोमीटर. ९ जानेवारी २०२१ रोजीं तेथून निघालेलें थेट विमान कॅप्टन झोया अगरवाल व त्यांच्या सहकारी भगिनींनीं उत्तर ध्रुवावरून सुमारें सतरा तासांत बंगळूरला आणलें. भिंतीवरच्या नकाशांत ही वाट उगीच वळसा घेतल्यासारखी दिसते. परंतु हीं दोन शहरें जवळजवळ विरुद्ध रेखांशांवर असल्यामुळें पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, तर तो ध्रुवाच्या बाजूनेंच जातो. मामंजींनीं नातवंडांना हें सूत घेऊन दाखविलें होतें. आमच्या गांवांत सुताला काय तोटा!

२०२३ च्या माघांत एका पहाटे मामंजी गेले. “सतराच तास, थांबूं या,” असें कोणी म्हणालें. परंतु थेट विमान तेव्हां रोज नव्हतें. विमान बदलून यावयाचें, मधला खोळंबा सोसावयाचा आणि शेवटीं बंगळूरहून मोटारीनें सहाशें किलोमीटर. हिशेब दोन दिवसांवर गेला. घरांत दोन पक्ष पडले. थोरल्या मुलाच्या हातचा अग्नि चुकावा, हें चुलतसासऱ्यांना पटेना. अखेर सासूबाईच म्हणाल्या, “तो निघाला आहे, एवढें पुरे. देह ताटकळत ठेवूं नका.” माझ्या यजमानांनीं अग्नि दिला. भावोजी तिसऱ्या दिवशीं, अस्थिसंचयनाच्या वेळीं पोहोंचले. सासूबाईंनीं त्यांना आधीं जेवावयास बसविलें, मग बोलल्या.

विमानांनीं जग जवळ आणलें, हें खरेंच. पण मृत्यूशीं शर्यत लावावी, एवढें नव्हे. त्यांचा खरा उपयोग माणसें हिंडतीं-फिरतीं असतांनाच करून घ्यावयास हवा. आमच्या घरीं आतां तसा नियमच झाला आहे. भावोजी दरवर्षीं येतात, तेंही कांहीं निमित्त नसतांना. येण्याची तारीख कळवावयास त्यांचा फोन आला, म्हणजे सासूबाई वाटेंत किती तास लागतील, हें विचारीत नाहींत. त्या एवढेंच विचारतात, “राहणार किती दिवस?”