मुठीत मावणारा खजिना

कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, तर कुणी काड्यापेट्यांवरची चित्रं. मी जमवतो डब्या! मूठ मिटली तर आत दडून बसतील अशा एवढ्याएवढ्याशा. कुंकवाच्या, चुन्याच्या, तपकिरीच्या, अत्तराच्या. परभणीच्या आमच्या घरी अशा एकवीस डब्या आहेत. चांदीच्या मात्र चारच. "काका, रिकाम्या डब्या जमवून काय मिळतं हो?" असं शेजारची मुलं विचारतात. खरं सांगू? त्या रिकाम्या नसतातच मुळी!

हा आजीचा करंडा पाहा. एका खणात कुंकू, दुसऱ्यात मेण. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं, त्यावर कुंकू. म्हणजे ते दिवसभर टिकतं. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आमची विहीर आटली. आजीनं चांदीच्या वाट्या, तबक, पायातले तोडे एकेक करून सराफाच्या तराजूत ठेवले. त्याची ज्वारी आली नि घर जगलं. करंडा तेवढा तिनं ठेवला. म्हणाली, "ह्याची ज्वारी आठ दिवसांत संपंल. आईची आठवण कुठून आणू?"

आता ही बिदरी कामाची डबी. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि बीदरही. जस्त आणि तांबं यांच्या मिश्रणाची डबी ओतायची, तिच्यावर नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवायची. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात बुडवायची. गंमत अशी, की डबी काळीभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते!

इंग्लंडातही दोनशे वर्षांपूर्वी अशा इवल्या डब्यांची मोठी हौस होती. बर्मिंगहॅमचे कारागीर त्यात तरबेज. एका प्रकारच्या डबीत जाळीखाली सुगंधी व्हिनेगरात भिजवलेला स्पंज असे. रस्त्यावर दुर्गंधी आली, की डबी उघडून नाकाशी धरायची. आपल्याकडे कानात अत्तराचा फाया ठेवतात ना, तसंच! व्हिनेगरानं चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा देत. डबीवर बारीक छापही असत. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर वर्ष सांगणारं.

आपल्या डब्यांवर बहुधा असं काहीच लिहिलेलं नसतं. त्यांचं वर्ष आणि गाव घरातल्या माणसांच्या तोंडी असतं. माणूस गेलं की डबी मुकी होते, आणि मुकी डबी मोडीत जाते. वितळवली की उरतं फक्त वजन.

पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी हेच ओळखलं होतं. दिवे, अडकित्ते, करंडे अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय उभारलं आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. पुण्याला गेलात तर जरूर पाहा.

आणि तोवर? आजीला विचारा, "आजी, जुनी डबी आहे का गं?" असेल तर राखेनं घासू नका, मऊ फडक्यानं पुसा. ती कुणाची, कुठून आली, कशासाठी होती, हे चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डबीतच ठेवा. मग ती कधीच मुकी होणार नाही.